मदत हवी आहे: छोट्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर (चाप) फार जड, नेमकी कोणती स्प्रिंग बदलू?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे स्मिथ अँड वेसनचं ६४२ आहे. जे-फ्रेम (कंपनीचा लहान सांगाडा), पाच गोळ्यांचं, .३८ स्पेशल, घोडा आत झाकलेला. म्हणजे घोडा अंगठ्याने मागे ओढून हलका चाप मिळवायची सोयच नाही, प्रत्येक गोळीला पूर्ण डबल ॲक्शन, म्हणजे चापाच्या एकाच ओढीत घोडा मागे जाऊन सुटतो. हत्यार स्वतः अर्ध्या किलोच्या आतलं आणि चाप ओढ मोजायच्या गेजवर १२ पाउंडांच्या पुढे, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. साहजिकच चाप शेवटच्या टप्प्यात आला की नळीचं तोंड डावीकडे खाली झुकतं. डमी काडतुसं घालून रोज सराव करतो, पण थोड्या वेळाने बोटच भरून येतं.

वुल्फ आणि एपेक्स या दोन कंपन्यांचे स्प्रिंग किट पाहिले. वुल्फची हलकी मेनस्प्रिंग (घोड्याची) ८ पाउंडांची आहे (मूळची साडेआठ), रिबाउंड स्प्रिंग (चाप परत आणणारी) १३ ते १६ पाउंडांत मिळते (मूळची साधारण १८). माझा विचार असा, की मेनस्प्रिंगला हात न लावता फक्त रिबाउंड बदलावी. तेवढ्याने जाणवण्याइतका फरक पडेल का? हे रिव्हॉल्व्हर स्वसंरक्षणासाठी जवळ असतं, त्यामुळे 'बहुतेक वेळा उडतं' हे मला चालणार नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

जुनाखटका:
विचार बरोबर आहे. चाप ओढताना दोन्ही स्प्रिंगा एकदमच दाबल्या जातात. मेनस्प्रिंग घोड्याला जोर देते, रिबाउंड चापाला परत पुढे ढकलते. म्हणजे रिबाउंड हलकी केली तर टोपीवर (काडतुसाच्या बुडातला प्राइमर, ज्याने दारू पेटते) बसणारा ठोका तेवढाच राहतो आणि ओढ मात्र कमी होते. जे-फ्रेमचा घोडा लहान आणि हलका, त्याला झेप घ्यायला जागाही थोडी. म्हणून कारखाना स्प्रिंग कडक घालतो. ती ढिली केली की कडक टोपीची काडतुसं दगा देऊ लागतात. फेडरल कंपनीच्या टोप्या मऊ, सीसीआय कंपनीच्या कडक, हा बहुतेकांचा अनुभव.

पण १३ वर उडी मारू नका. रिबाउंड स्लाइड (ही स्प्रिंग जिच्यात बसते तो आतला सरकता भाग) चाप तर परत आणतेच, शिवाय घोड्यालाही फायरिंग पिनपासून (टोपीवर ठोका देणाऱ्या सुईपासून) मागे सारते. स्प्रिंग फार मऊ असेल तर थंडीत, मळलेल्या तेलात चाप अर्ध्यावरच रेंगाळतो. घाईत गोळ्या झाडताना तो पूर्ण पुढे यायच्या आत तुम्ही पुन्हा ओढता आणि सिलिंडर अडतं. १५ किंवा १६ घ्या.

सहाण:
वरच्याशी सहमत. त्यात एक भर: सगळा जडपणा स्प्रिंगचा नसतोच, काही खरखरीचाही असतो. रिबाउंड स्लाइडचा तळ आणि बाजू बारीक दगडावर सपाट ठेवून हलक्या हाताने घासा. यंत्रावरचे ओरखडे गेले की पुरे, चकाकी आणायच्या नादी लागू नका. घोडा आणि चाप जिथे एकमेकांत अडकतात त्या कडांना मात्र दगड लावायचा नाही. वरचं कडक कवच पातळ असतं, ते गेलं की हत्यार धोकादायक होतं. आणि मूळ स्प्रिंगची वेटोळी कापून 'हलकी' करणारे महाभाग अजून आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

खोलताना: आधी सिलिंडर रिकामं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. साइडप्लेट (बाजूचं झाकण) स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटायची नाही. स्क्रू काढा, मुठीच्या चौकटीवर लाकडी दांड्याने टकटक करा, प्लेट आपोआप वर येते. कोणता स्क्रू कुठला ते लिहून ठेवा. पुढचा स्क्रू सिलिंडरचा योक (ज्यावर सिलिंडर बाहेर झुलतं तो हात) धरतो, त्याची अदलाबदल चालत नाही. रिबाउंड स्प्रिंग सुटते ती थेट कपाटाखाली जाते, म्हणून हात आणि हत्यार दोन्ही पारदर्शक पिशवीत घालून हे काम करा. हसू नका, करून बघा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. मग १६ ची बसवतो आणि मेनस्प्रिंग मूळचीच ठेवतो. बसवल्यावर तपासणी कशी करायची?

जुनाखटका:
रिकाम्या हत्याराचा चाप पूर्ण दाबा आणि बोट अगदी सावकाश सोडत या. चाप कुठेही न थांबता बोटाबरोबर पुढे आला पाहिजे. नळी वर धरून, खाली धरून, पाचही घरांवर. मग रेंजवर जवळ बाळगता तीच काडतुसं भरपूर झाडा, सरावाची स्वस्त वेगळी नकोत. उडालेल्या टोप्यांवरचे खड्डे आधीच्या खड्ड्यांशी ताडून बघा. मेनस्प्रिंग तीच आहे, तेव्हा खोली तीच हवी. एक जरी काडतूस नुसतं 'टक्' करून राहिलं, तर लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा आणि मगच सिलिंडर बाहेर काढा. त्यानंतर कारण सापडेपर्यंत ते जवळ बाळगू नका.