कॉलेजची पोरं आणि दारू: बातम्यांत दिसतं ते कितपत खरं?

परभणीकर_मुलगी
मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तिसरं वर्ष. कुठे पबवर धाड पडली की अर्ध्या तासात आईचा फोन, "कुठंयस तू, खोलीवरच आहेस ना?" टीव्हीवर तेच तेच दाखवतात, मुली ओढणीनं तोंड झाकून पोलिसांच्या गाडीत बसतायत आणि अँकर ओरडतोय की विद्येच्या माहेरघरात हे काय चाललंय. सिनेमात आणि वेबसिरीजमध्ये याच्या बरोबर उलटं, हॉस्टेलची गच्ची, बाटल्या, गाणी, प्रेमभंग झाला की हिरो पीतच सुटतो आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात मद्यपान हानिकारक आहे म्हणून इशारा.

मी जे बघते ते या दोन्हीसारखं नाहीये. पब आमच्यातल्या बहुतेकांना परवडतच नाही. मुलं कुणाच्या तरी फ्लॅटवर बसतात, वर्गणी काढून खंबा, म्हणजे दारूची मोठी बाटली, आणतात, चकण्याला फरसाण, प्लास्टिकचे ग्लास. जो पीत नाही त्याला आधी आग्रह मग टोमणे. मागच्या महिन्यात वर्गातला एक मुलगा पहिल्यांदाच पीत होता, पैजेवर पाणी न घालता पेग मारत गेला आणि आडवा झाला, हलवलं तरी उठेना. मला रात्री एकला फोन आला की काय करू. तोवर ह्यांनी त्याच्या तोंडात लिंबूपाणी ओतलं होतं, डोक्यावर बादली ओतली होती, पण दवाखान्यात न्यायला कोणी तयार नाही कारण घरमालक, कॉलेज, घरचे सगळ्यांना कळेल. तो वाचला. पण ही गोष्ट मला ना कधी बातमीत दिसली ना सिनेमात, असं का?

डेस्कवरचा
काही वर्षं न्यूज चॅनेलच्या डेस्कवर होतो म्हणून सांगतो. बंद फ्लॅटमध्ये काय घडलं त्याचं फुटेज नसतं आणि फुटेज नाही तर बातमी नाही. धाडीचं फुटेज तयार मिळतं, पोलिसच कळवतात, मग साधी वाढदिवसाची पार्टी असली तरी पट्टीवर रेव्ह पार्टी होते. मुलींचे शॉट लावतात कारण ते बघितले जातात, इतकं सरळ आहे ते. आता खरे आकडे बघा, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019-21, देशात 15 वर्षांवरच्या पुरुषांत दारू पिणारे साधारण 19 टक्के आणि बायकांत 1 टक्क्याच्या थोडं वर. म्हणजे पडद्यावर जी दिसते ती या प्रश्नातली सगळ्यात लहान बाजू आहे आणि पैजेवर पिणारा मुलगा दिसतच नाही.

पण सगळंच वाईट म्हणणार नाही. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोन तरुण इंजिनिअर मेले, सतरा वर्षांचा मुलगा बारावी झाल्याची पार्टी करून गाडी चालवत होता, आणि बाल न्याय मंडळानं 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला. तेव्हा माध्यमांनी ते लावून धरलं नसतं तर ससून रुग्णालयात त्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचं प्रकरण इतकं पेटलं असतं का, मला शंका आहे. वयाची खात्री न करता दारू देणारे, वजन वापरणारे मोठे लोक, हा त्या बातमीचा गाभा होता. नंतर आठवडाभर चर्चा कशावर, तर आजची पिढी बिघडली. तिथं माझं डोकं फिरतं.

एका_मुलाचा_बाप
तुमचं पटतं, पण बातम्यांमुळे निदान पोरं घाबरतात तरी. महाराष्ट्रात बिअर-वाईनला 21 आणि बाकी दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, वर परवाना लागतो. कॉलेजातल्या जवळपास कोणालाच व्हिस्की-रम कायद्यानं घेता येत नाही, मग दुकानदार देतो कशी? हे विचारा ना चॅनेलवाल्यांनी.

कॅज्युअल्टी_नाईट
काका, दुकानदाराचं अगदी बरोबर. पण घाबरण्याचं नाही पटलं. घाबरलेली पोरं प्यायची थांबत नाहीत, ती फक्त आमच्याकडे उशिरा आणतात. मी सरकारी रुग्णालयात रेसिडेंट डॉक्टर आहे, येतात तेव्हा श्वास घरघरत असतो, अंगावर उलटी, आणि सोबतचा मित्र रडत म्हणतो की आम्हाला वाटलं झोपलाय.

एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलीत, साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. लिव्हर तासाला 7 ते 10 ग्रॅम काढतं, म्हणजे एक क्वार्टर उतरायला सहा ते साडेआठ तास. लिंबूपाणी, कॉफी, गार पाणी कशानंही तो वेग वाढत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतलं तर ते फुफ्फुसात जातं, मग दारू राहते बाजूला आणि त्यानंच जीव जातो. त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. हाका मारून उठत नसेल, श्वास मंद किंवा तुटक असेल, ओठ निळसर दिसले, तर 108 ला फोन करून अँब्युलन्स बोलवा.

मिशिगनहून
इथे अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर आहे. 1984 च्या कायद्यानं सगळीकडे वय 21 झालं, पण कॉलेजात पोरं अठराव्या वर्षी येतात, म्हणून पिणं लपून आणि घाईघाईत. सिनेमात लाल कप आणि पार्टी. 2017 मध्ये पेन स्टेट युनिव्हर्सिटीत एका फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्लबच्या, घरात नवीन आलेल्या मुलाला भरपूर दारू पाजली, तो जिन्यावरून पडला, तरी जवळपास बारा तास कोणी मदत बोलावली नाही, तो गेला. आता बऱ्याच राज्यांत नियम आहे की अँब्युलन्स बोलावणाऱ्यावर अल्पवयात प्यायल्याबद्दल कारवाई होत नाही. आपल्याकडच्या कॉलेजांनी एवढं तरी लिहून द्यावं असं मला फार वाटतं.

अजून एक, इथे 1980 च्या दशकापासून अभ्यास झालेत की विद्यार्थ्यांना वाटतं त्यापेक्षा बाकीचे कमी पितात. सगळेच पितात असं सतत बघून बघून जो नको म्हणतोय त्याला आपणच एकटे वाटायला लागतो.

परभणीकर_मुलगी
हे शेवटचं अगदी खरंय, आमच्या वर्गात निम्मी मुलं फक्त टोमणे टाळायला ग्लास हातात धरतात. 108 आणि कुशीवर वळवण्याचं मी आजच वर्गाच्या ग्रुपवर टाकते. पण डॉक्टर, 108 ला फोन केला तर पोलिसांना कळतं का? सगळे आधी हेच विचारणार.

कॅज्युअल्टी_नाईट
खोटं सांगत नाही, हॉस्पिटलमध्ये एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, नोंदली जाऊ शकते आणि मग पोलीस चौकीला कळतं. पण आमचं पहिलं काम श्वास सांभाळणं, चौकशी नंतर. आणि तुम्ही किती वाजता, काय, किती प्यायला ते खरं सांगा, गोळ्या वगैरे घेतल्या असतील तर त्याही. लपवलं की आमची पहिली पंधरा मिनिटं अंदाज बांधण्यात जातात.