मदत हवी आहे: व्हिटॅमिन सी लावून चेहरा नारिंगी दिसतोय

घाईत_आहे:
रोज सकाळी व्हिटॅमिन सी लावते. दीड महिना झाला. डाग होते तिथेच आहेत, वर आता लावलं की चुरचुरतं. कपाळावर केसांच्या कडेने नारिंगी झाक आलीय, पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावरही तसेच ठिपके. टक्केवारी वाढवू की बंद करू? शनिवारी फोटो काढायचे आहेत. पटकन सांगा.

रिकामटेकडा:
लावता म्हणजे काय लावता? क्रीम, सीरम की गोळ्या कुटून?

शंकासुर:
टक्के वाढवू नका. 2001 मध्ये त्वचातज्ज्ञ पिनेल आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या कातडीवर मोजून पाहिलंय. एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड (म्हणजे व्हिटॅमिन सीचं मूळ रूप) आत शिरायला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, 3.5 च्या खाली लागतो आणि 20 टक्क्यांपुढे शोषण वाढत नाही.

रिकामटेकडा:
ताईंनी चेहऱ्याचं विचारलंय, तुम्ही डुकरांवर कुठे पोचलात?

जुनं_ते_सोनं:
बाटल्यांचे चोचले कशाला? मी 20 वर्षं लिंबू चोळतेय. काही झालं नाही.

निशाचर:
तुमचं नशीब. लिंबाचा रस अंगावर राहिला आणि ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. माझ्या मनगटावर पिळताना ओघळलेल्या रसाचा तपकिरी पट्टा कितीतरी दिवस होता. कुणाला सुचवू नका.

जुनं_ते_सोनं:
मी सुचवलं नाही, माझं सांगितलं.

सकाळचा_फेरफटका:
मला सर्दी झाली की मी व्हिटॅमिन सीची 500 ची गोळी चघळतो. दोन दिवसांत साफ.

निशाचर:
काका, धागा चेहऱ्याचा आहे. @घाईत_आहे, बाटलीचा रंग कसा आहे? ठेवता कुठे? रात्री काय लावता?

घाईत_आहे:
सीरमच, 15 टक्के. काचेची पारदर्शक बाटली, बाथरूमच्या खिडकीत असते. आणली तेव्हा पाण्यासारखं होतं, आता कोऱ्या चहासारखं. रात्री ग्लायकोलिक (मृत त्वचा काढणारं अ‍ॅसिड) लावते, ते सगळेच लावतात म्हणून लिहिलं नाही.

निशाचर:
सापडलं! उजेड, ऊब, हवा, तिन्ही मिळून सीरम ऑक्सिडाइझ झालंय. ते बिघडताना एरिथ्रुलोज नावाची साखर तयार होते. उन्हाशिवाय कातडी सावळी करणाऱ्या काही सेल्फ-टॅन क्रीममध्येही तीच असते, म्हणून नारिंगी. रंग फक्त वरच्या मृत थरात बसतो, आठवड्याभरात फिका पडेल. घासू नका. चुरचुर थांबेपर्यंत सीरम आणि ग्लायकोलिक दोन्ही बंद, नुसतं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन.

घाईत_आहे:
सनस्क्रीन ऊन असेल तेव्हाच लावते.

शंकासुर:
मग डाग जाणार कसे! ढगांतूनही अतिनील किरण येतातच. पुढची बाटली गडद काचेची, छोटी घ्या. सोबत फेरुलिक आणि व्हिटॅमिन ई असेल तर बरं, सी टिकतं.

निशाचर:
इतकं चुरचुरल्यावर परत एल-अ‍ॅस्कॉर्बिक? सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट बघा, सीचंच दुसरं रूप. सौम्य असतं.

शंकासुर:
सौम्य आहे, पण असर तितका नाही.

निशाचर:
चेहरा लाल करून घेतलेला असर काय कामाचा?

घाईत_आहे:
तुम्ही दोघं भांडा. अर्धी बाटली उरलीय, फेकवत नाही. कोपरांना लावली तर?

रिकामटेकडा:
कोपरं नारिंगी हवी असतील तर जरूर.