अन्नपूर्णा बेस कॅम्प हेलिकॉप्टरने: ज्येष्ठांना न्यावं का?

ताई, सत्तरीच्या आई-बाबांना नेपाळमधल्या पोखऱ्याहून हेलिकॉप्टरने अन्नपूर्णा बेस कॅम्पला न्यावं का, असं विचारलंय तुम्ही. तब्येत साथ देत असेल तर जरूर न्या. चालत न जाता हिमालय बघण्यात काय अर्थ, हे काहींचं मत मला अजिबात पटत नाही. गुडघे थकलेल्यांनी शिखरं फक्त लांबूनच का बघायची?

मात्र उंचीचा विचार आधी करा. पोखरा साधारण 820 मीटरवर, बेस कॅम्प 4130 मीटरवर, आणि मधली चढण वीसेक मिनिटांत. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्केच. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुकिंग नको. उतरल्यावर सावकाश चाला, फोटोंसाठी धावपळ करू नका.

सकाळचंच उड्डाण घ्या, दुपारपर्यंत ढग चढतात. कोण कुठे बसणार हे वजनाच्या तोलावर ठरतं, त्यामुळे खिडकीचा हट्ट धरू नका.

आणि दृश्य! मोदी खोला नदीच्या अरुंद दरीतून वर जाताना उजवीकडे माछापुछ्रे, 6993 मीटर. या पवित्र शिखरावर चढाईला परवानगी नाही. मग दरी एकदम उघडते आणि समोर अन्नपूर्णा-1 ची दक्षिण भिंत उभी राहते. आठ हजार मीटरवरचं माणसाने सर केलेलं हे पहिलं शिखर, 1950 साली. अंगावर काटा येतो.

हवामानामुळे उड्डाण रद्द होऊ शकतं, म्हणून पोखऱ्यात एक दिवस जास्तीचा ठेवाच.