मालिका बघताना घरात कोण काय बोललं? (अनुभव धागा)

मालिका किती भिकार असतात हे आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे, ते इथे नको. त्यातली प्रेमं, लग्नं, लफडी बघताना आपापल्या घरात कोण काय बोललं, तेवढं लिहा. सुरुवात मी करते.

'आई कुठे काय करते'मधली अरुंधती नवऱ्याचं, अनिरुद्धचं घर सोडून निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, आधीच जायला हवं होतं." पुढे तिचं आशुतोषशी लग्न निघालं आणि बाईंचा नूरच पालटला. "या वयात कशाला ही थेरं?" मी आठवण करून दिली, 'अग्गंबाई सासूबाई'त आसावरी आणि अभिजित राजेंचं लागलं तेव्हा तुम्ही पदराने डोळे टिपत होतात. उत्तर तयार होतं. "अगं, तिचा नवरा गेलेला होता. हिचा जिवंत आहे ना!" मी मुकाट्याने कुकर लावायला उठले.

ठाण्याहून
'माझ्या नवऱ्याची बायको' जोरात चालू होती तेव्हा आत्या मला शनाया म्हणायची, म्हणजे त्यातल्या गुरुनाथची बाहेरची मैत्रीण. का, तर केस मोकळे, कपाळाला टिकली नाही आणि स्वयंपाकघरात फिरकत नाही. बायको असताना लफडं केलं गुरुनाथने. पण आमच्या खानदानात कुणाला कधी गुरुनाथ म्हटलेलं ऐकलं नाही. शोभतील असे दोघे-तिघे आहेत हं. (काका इथे वाचत नाहीत म्हणून लिहितेय.) गुरुनाथच्या बायकोने, राधिकेने मसाल्यांचा धंदा उभा केला ते आईला फार आवडलं. मी म्हटलं, मग मला दे भांडवल. तर म्हणे आधी लग्नाचं बघू.

बंगळूरहून
शेजारच्या बंगाली काकूंना अरुंधतीच्या नशिबात काय वाढून ठेवलंय हे आधीच ठाऊक असायचं. गोष्ट मुळात त्यांच्या 'श्रीमयी' या बंगाली मालिकेची. तीच २०२० पासून हिंदीत 'अनुपमा'. भाषेगणिक साड्या बदलल्या, नवरा तोच.

नाशिकहून
'तुला पाहते रे'त विक्रांत सरंजामे निम्म्या वयाच्या ईशाच्या प्रेमात पडला. बाबा म्हणाले, "प्रेमाला वय नसतं." मी विचारलं, बाई चाळिशीची आणि मुलगा विशीतला असता तर? बाबांनी बातम्या लावल्या.

डोंबिवलीहून, निवृत्त शिक्षिका
मी १९९९च्या 'आभाळमाया'पासूनची प्रेक्षक. त्यातली सुधा जोशी प्राध्यापिका होती. नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले, ती कोसळली, पण सकाळी शिकवायला जायचंच होतं. आम्हा नोकरदार बायकांना ते फार आपलं वाटलं. वीस वर्षांनी अरुंधतीपर्यंत आलो तर नायिका पुन्हा ओट्यापाशी! तिने पायावर उभं राहायचं तेही नवऱ्याने फसवल्यावरच. सुखाचा संसार असताना एखादी आपणहून नोकरीला निघाली, असं का नाही दाखवत? माझा नवरा म्हणतो, "मग एपिसोड कशाचे काढणार?" पटलं नाही, पण मुद्दा खोडताही आला नाही.

सोलापूरहून
तुम्ही शिकलेल्या पोरी फार विचार करता बाई. शनाया वाईट आणि राधिका चांगली, एवढं आम्हालाही कळतंय की खोटं आहे. मी बघते कारण तेवढा अर्धा तास घरात कुणी मला चहा मागत नाही. जाहिराती लागल्या की मागतात.