नव्या सायकलीचं प्लास्टिक काढलं की नजर लागते म्हणे!

पुसदचा_सायकलवाला: काल "सायकल टिकवायचे जुने उपाय" अशी पोस्ट फिरत होती. उन्हाळ्यात दुपारी अर्धी हवा सोडा, चैनीले खोबरेल लावा, सायकल उलटी ठेवली की घरात भांडण, अन् नवीचं प्लास्टिक काढलं की नजर लागते. वाचूनच डोकं तापलं. अर्ध्या हवेवर गिट्टीच्या रस्त्यानं गेलं की रिम ट्यूबीले चावते, बाजूबाजूले दोन भोकं पडतात, तेच मी रोज चिटकवत बसतो. ४० पाउंड हवा असन अन् टायर सकाळच्या २५ डिग्रीवरून ६० वर तापला तरी आतली हवा ४६-४७ पाउंडाच्या वर जात नाई, तेवढ्यानं चांगला टायर फुटत नाई. खोबरेल तर डिसेंबरात सकाळी थिजूनच जाते, शिलाई मशीनचं तेल टाका ना! अन् सायकल उलटी केल्याबिगर पंक्चर कसं काढाचं?

वर्धेकर_मामा: आमाले शिकवू नका. मे महिन्यात ग्रामपंचायतीसमोर माह्या डोळ्यादेखत टायर फुटला, बैल बिथरले. इथं पारा ४५ च्या वर जाते, पुण्याचं गणित लावू नका. आमचे बाबा जन्मभर हवा सोडत आले, एक टायर फुटला नाई.

पुसदचा_सायकलवाला: पुसद काय पुण्यात आहे का? त्या टायरच्या कडेले चिरा होत्या का ते पाह्यलं का तुमी? उन्हानं रबर चिरते, मग फुटते. सायकल सावलीत लावा.

काळीमाती: हवेचं जाऊ द्या हो, प्लास्टिकवर बोला. भाचीले शाळेत जायले सरकारच्या मानव विकास योजनेची सायकल भेटली, आजीनं सीटचं दांड्याचं सगळं प्लास्टिक तसंच ठेवलं, वरून लिंबू-मिरची. पावसाळाभर पाणी आतच राह्यलं. दिवाळीत मी ब्लेडनं कापलं तर खाली गंजाचे पापुद्रे, नख लावलं की रंग निघून येते. अन् पोरगी मात्र पायीच शाळेत जात होती, सायकल खराब होईन म्हणून!

रानवारा_दिग्रस: म्हाताऱ्या माणसाले नावं ठेवू नका. गरिबाच्या घरी पहिली नवी वस्तू येते, जपावंच वाटते.

काळीमाती: मग तिचा भाऊ त्याच सायकलीवर कडबा आणत होता तवा कुठं गेलतं जपणं? पोरीनं शाळेत न्यायले मागितली तवाच नजर लागते का?

रानवारा_दिग्रस: तुमी सगळ्याच घराले एका मापानं मोजून राह्यले. आमच्या घरी पोरगीच चालवते, पोट्ट्याले हात लावू देत नाई. दुसऱ्याच्या घरात डोकावणं बंद करा.

काळीमाती: भाची माह्या घरचीच आहे. बोलणारच.

वर्धेकर_मामा: प्लास्टिकचं मान्य, काढा बाप्पा. पोरीले पायी धाडणं चूकच. पण हवेचं मी मानत नाई, अन् दसऱ्याले हार न् लिंबू तर बांधनच.

पुसदचा_सायकलवाला: हार बांधा मामा, दसऱ्याले दुकानातल्या पंपाले मी बी झेंडू वाहतो. फक्त लिंबाची तार ब्रेकच्या दांडीले बांधू नका, एका पोट्ट्याची तिथंच अडकली अन् ब्रेकच लागेना. हवा सोडायचीच असन तर चालवायच्या आधी भरा. काळीमाती ताई, दांडा पॉलिश पेपरनं घासा, गंज रोखणारा रेड ऑक्साईडचा हात मारा, वाळलं की वरून रंग. भाचीले घेऊन या, मी करून देतो.