कॉपी केस, वाङ्मयचोरी, चौकशी समिती: सातारा-सांगलीकडचे अनुभव

सत्र परीक्षा सुरू झाल्या की आपल्याकडे तेच प्रश्न फिरतात. कॉपी केस झाली, आता पुढं काय? वर्ष जातं का? गाइड म्हणतात वाङ्मयचोरीच्या तपासणीत साम्य तेवीस टक्के आलंय, मग प्रबंध बुडाला का? कोण पकडलं, कोण रडलं हे किस्से इथे नकोत. पर्यवेक्षण, परीक्षा विभाग, ग्रंथालय, चौकशी समिती यांत हात घातलेल्यांनी काम कसं चालतं आणि कुठे फसतं तेवढं लिहावं. कॉलेजचं नाव नको.

अजिंक्यतारा (वरिष्ठ पर्यवेक्षण, सातारा)

केस टिकणार की पडणार हे पहिल्या दहा मिनिटांत ठरतं. कागद दिसला म्हणून हिसकावायचा नाही. ओढाताणीत तो फाटतो, खिडकीबाहेर जातो किंवा पोटात जातो. विद्यार्थ्याला जागेवरच थांबवा, वरिष्ठांना बोलवा, घड्याळ बघून वेळ लिहा. मग मूळ उत्तरपत्रिका ताब्यात घ्या, लिखाण संपलंय तिथे आडवी रेघ मारून वेळ आणि सही टाका. सापडलेल्या प्रत्येक चिटोऱ्यावर आसन क्रमांक, विद्यार्थ्याची सही, पर्यवेक्षकाची सही. चिटोरे मोजून आकडा अक्षरी लिहा. नुसतं 'कॉपीचे कागद सापडले' असं लिहिलं आणि समितीपुढे सातचे पाच निघाले, तर उत्तर कोण देणार?

यानंतर नवी उत्तरपत्रिका द्यायची, तिच्यावर तसा शेरा मारायचा आणि उरलेल्या वेळात पेपर लिहू द्यायचा. बहुतेक विद्यापीठांच्या नियमांत हेच आहे, आणि केंद्रावरची माणसं नेमकी इथेच घसरतात. 'चल, बाहेर हो' म्हणून मोकळे होतात. तो दोषी की निर्दोष हे अजून ठरायचंय. पुढे समितीनं त्याला सोडलं तर बुडालेला दीड तास कुठून भरून देणार?

विद्यार्थ्याचा जबाब त्याच्याच शब्दांत, त्याच्याच हातानं. मजकूर सांगून लिहवून घेतलेला जबाब लगेच ओळखू येतो. विसाव्या वर्षीचा मुलगा आपणहून 'सदर गैरकृत्य माझ्या हातून घडले असून' असं लिहीत नाही. सहीला नकार दिला तर वाद नको, 'सहीस नकार' असा शेरा आणि दोन साक्षीदार पुरतात. साक्षीदार मात्र त्या ब्लॉकमध्ये, म्हणजे परीक्षेच्या वर्गात, हजर असलेलाच हवा. ऑफिसात चहा घेताना मिळवलेली सही पहिल्याच प्रश्नाला उघडी पडते.

मोबाइल सापडला तर चालू होता की बंद हे नोंदवा, विद्यार्थ्यासमोर पाकिटात घालून सील करा. व्हॉट्सॲप उघडून बघत बसायचं काम आपलं नाही.

कंपासपेटी (कनिष्ठ पर्यवेक्षण, विटा)

बाकाचं विसरू नका. बाक काही लखोट्यात घालून कोल्हापूरला विद्यापीठात पाठवता येत नाही. बाकावर, भिंतीवर, पॅडच्या मागं लिहिलेलं असेल तर आसन क्रमांकाच्या चिठ्ठीसकट फोटो काढावा, दोनदा, एक लांबून. पण बाकावर मागच्या बॅचचं लिखाणही असतं. म्हणून पेपर वाटण्याआधी मोठ्यानं सांगायचं, 'बाक, ड्रॉवर, कॅल्क्युलेटरचं झाकण बघा, काही असेल तर आत्ता दाखवा.' ही एक सूचना निम्मी भांडणं वाचवते. विद्यार्थ्यांनीही लाजू नये, बाक खराब असेल तर लगेच हात वर करावा.

बेदाणा (परीक्षा विभाग, सांगली)

केंद्रावरून आलेल्या फाइलीत काय नसतं ते सांगते. त्या दिवसाची प्रश्नपत्रिका नसते. आसनव्यवस्थेचा तक्ता नसतो. आणि विषय शिक्षकाचा अभिप्राय तर हमखास नसतो. सापडलेला मजकूर त्या दिवसाच्या पेपरशी संबंधित आहे का, आणि असल्यास उत्तरात उतरलाय का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. खिशात कागद असणं आणि तो वापरणं यांची शिक्षा बऱ्याच ठिकाणी वेगळी असते. सांख्यिकीच्या पेपरला अर्थशास्त्राची चिठ्ठी सापडली, तर तसं स्पष्ट लिहायला हवं.

दुसरी कायमची चूक म्हणजे केसची उत्तरपत्रिका रोजच्या गठ्ठ्यात जाते. ती वेगळ्या सीलबंद लखोट्यात, दुसऱ्या उत्तरपत्रिकेसोबत, स्वतंत्र अहवालासह जायला हवी. गठ्ठ्यात गेली की तपासली जाते, गुण भरले जातात, निकाल लागतो, आणि मग लागलेला निकाल मागं घ्यायची वेळ येते. त्यासारखं किचकट काम नाही.

उत्तरपत्रिकेत पन्नासची नोट ठेवणं, मोबाइल नंबर लिहिणं, 'सर, घरची परिस्थिती बिकट आहे, पास करा' असं लिहिणं, हेही गैरप्रकारातच धरतात. मुलांना हे खरंच माहीत नसतं.

कोयनाकाठ (चौकशी समितीवर काम, कऱ्हाड)

आधी परीक्षा कोणाची ते बघा. दोन्ही जिल्ह्यांतली बरीचशी कॉलेजं शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत, तिथल्या विद्यापीठ परीक्षेची केस कोल्हापूरला जाते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकीसारखं स्वायत्त कॉलेज आपली परीक्षा आपणच घेतं. साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ २०२१ पासून वेगळं समूह विद्यापीठ (काही कॉलेजं मिळून झालेलं) आहे. कऱ्हाडचं कृष्णा विश्व विद्यापीठ अभिमत, त्याचे नियम त्याचे. शिक्षेचा तक्ता प्रत्येकाचा निराळा. मित्राला काय शिक्षा झाली यावरून स्वतःचा अंदाज बांधू नये.

राज्याच्या विद्यापीठांना २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम लागू आहे. त्यातल्या कलम ४८ नुसार परीक्षा व मूल्यमापन मंडळ जास्तीत जास्त पाच जणांची समिती नेमतं. ही समिती विद्यार्थ्यांपुरती नाही. पेपर काढणारे, तपासणारे, पर्यवेक्षकही तिच्या कक्षेत येतात. समिती शिफारस करते, निर्णय मंडळाचा. म्हणून सुनावणीच्या दिवशी 'सर, आत्ताच सांगा' म्हणून दारात उभं राहण्यात अर्थ नसतो.

नोटीस आली की तिच्यात तारीख, विषय, काय सापडलं आणि कोणत्या नियमाखाली आरोप आहे हे सगळं आहे का बघा. नसेल तर लेखी मागा, पर्यवेक्षकाच्या अहवालाची प्रतही मागा. उत्तर मुद्देसूद द्या. कागद तुमचा नव्हता तर तो कोणाच्या जागेजवळ होता, अक्षर जुळतं का, उत्तरात त्यातलं एक तरी वाक्य आलंय का, यावर बोला. घरच्या अडचणी शिक्षा कमी करण्यासाठी सांगता येतात, आरोप खोडण्यासाठी नाही. आणि आमदारांचं पत्र आणू नका. ते फाइलला लागतं, फाइल जाड होते, बाकी काही होत नाही.

पोथीनिष्ठ (ग्रंथालय आणि साम्य तपासणी, मिरज)

पीएचडीवाल्यांसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचोरीविषयीचे नियम २०१८ चे आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यायचा. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर सुधारित प्रबंध द्यायला एक वर्ष बंदी. ६० च्या वर नोंदणीच रद्द. तेव्हा तेवीस टक्के म्हणजे प्रबंध बुडाला नाही, पण चहा पिऊन विसरायची गोष्टही नाही. तक्रार आधी विभागाच्या समितीकडे जाते, तिथून संस्थेच्या समितीकडे. प्रत्येकीला ४५ दिवस.

पण आकडा कसा काढला ते आधी बघा. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, नीट संदर्भ दिलेली अवतरणं, कायद्यांचा मजकूर, प्रमाण समीकरणं हे मोजायचं नसतं. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही नाही. या गाळण्या न लावता काढलेला अहवाल पाहून कित्येकांचा रक्तदाब वाढतो. स्वतःच्याच छापलेल्या लेखाशी प्रकरण जुळत असेल, तर तो लेख आपला असल्याचं सांगणारं पत्र गाइडच्या सहीनं जोडा.

आता मराठी प्रबंधांची खरी गोम. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांचा कचरा असतो. सॉफ्टवेअर तो कचरा तपासतं आणि शून्य टक्के दाखवतं. स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफचंही तेच. त्यामुळे मराठी प्रबंधाला शून्य किंवा एक टक्का आला तर अभिनंदन करण्याआधी एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर ठीक, नाहीतर तपासणी झालीच नाही असं धरा. इंग्रजीतून उचलून मराठीत उतरवलेला मजकूरही बहुधा सुटतो. तो वाचणाऱ्यालाच कळतो, कारण मधूनच 'हे नोंद घेणे महत्त्वाचे आहे' असली वाक्यं येतात.

हळदबाजार (वाणिज्य, प्रकल्प तोंडी परीक्षा)

प्रकल्प अहवाल झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात हे काही गुपित नाही. मुखपृष्ठ बदलतं, आतला हळद व्यापाऱ्यांचा तक्ता तोच. तोंडी परीक्षेला अहवाल बाजूला ठेवून भरलेल्या प्रश्नावल्या मागाव्यात. शंभर प्रश्नावल्या एकाच पेनानं, एकाच दाबानं, एकही प्रश्न रिकामा न ठेवता भरलेल्या असतील तर त्या वसतिगृहात भरल्यात. खरा व्यापारी उलाढालीचा रकाना कधी भरत नाही. तारखाही बघा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीची बाजारपेठ पाण्याखाली होती. त्या आठवड्यातल्या सर्वेक्षणाला गुण देण्याआधी होडी कोणाची होती तेवढं विचारावं.

कंपासपेटी

आणि एआयनं लिहिलेलं?

पोथीनिष्ठ

२०१८ च्या टक्केवारीत ते बसत नाही, तिथे प्रश्न साम्याचा आहे. एआय ओळखणाऱ्या साधनांचा आकडा हा पुरावा मानू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचंच ओळखण्याचं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. त्यापेक्षा आधीचे मसुदे मागा, फाइलचा बदलांचा इतिहास बघा, तळटीपेतलं पुस्तक ग्रंथालयातून आणून ते पान उघडायला सांगा. नसलेल्या पुस्तकाचं पान कोणालाच उघडता येत नाही.

काळा कोट (वकील, सातारा)

एक गैरसमज दूर करतो. केंद्राचा २०२४ चा पेपरफुटीविरुद्धचा कायदा, दहा लाख दंड, तीन ते पाच वर्षं कैद वगैरे, तो यूपीएससी, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे, बँक भरती, एनटीए (राष्ट्रीय चाचणी संस्था) अशा परीक्षांसाठी आहे, आणि त्याचा रोख टोळ्या व यंत्रणेतल्या माणसांवर आहे. बीकॉमच्या चिठ्ठीसाठी तो लागत नाही. विद्यापीठ आणि बोर्डाच्या परीक्षांतल्या गैरप्रकारांना राज्याचा १९८२ चा कायदा आहे. डमी, म्हणजे आपल्या जागी दुसऱ्याला, बसवणं मात्र कुठेही हलक्यात घेत नाहीत, तिथे पोलीस येऊ शकतात.

स्वतःच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत माहिती अधिकारात मागता येते, सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, तीस दिवसांत उत्तर येणं अपेक्षित आहे. कारवाईच्या पद्धतीबद्दल तक्रार असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे आधी विद्यार्थी तक्रार निवारण समिती. तिचा निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे (भ्रष्टाचारवाला लोकपाल नव्हे) अपील. नुसते गुण वाढवून मागायला लोकपालाकडे जाऊ नका, नियम डावलला गेल्याचा नेमका मुद्दा लागतो.

कास पठार

निकाल राखीव आहे. पुढच्या सत्राचा परीक्षा अर्ज भरायचा की थांबायचं?

बेदाणा

भरायचा. केसचा निर्णय येईपर्यंत थांबलात आणि निर्दोष सुटलात, तरी ते सत्र गेलंच. मुदतीत भरा, पावती जपा, आणि विभागाला एका ओळीचं पत्र देऊन आवक क्रमांक घ्या. पोर्टल राखीव निकालामुळे अर्ज अडवत असेल तर पडद्याचा फोटो तारखेसकट काढून त्याच पत्राला जोडा.