स्कार्फ, ओढणी आणि मनाची भीती: कपड्यांचा आधार की माघार? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

रानजाई

पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली चेहऱ्याला स्कार्फ बांधतात, याची बाहेरून आलेल्यांना गंमत वाटते आणि काहींना रागही येतो. कापड कपाळावरून घट्ट घ्यायचे, नाकावरून आडवे नेऊन मानेमागे गाठ मारायची, वर गॉगल आणि हातांत कोपरापर्यंतचे मोजे; एवढे झाले की डोळ्यांचीही ओळख पटत नाही. कारण विचारल्यास ऊन आणि धूर ही उत्तरे मिळतात व ती खरीच आहेत, परंतु ढगाळ संध्याकाळीही स्कार्फ सुटत नाही, कारण सिग्नलला शेजारी थांबलेल्या अनोळखी माणसाला आपला चेहरा दिसत नाही, यात फार मोठा निवांतपणा असतो.

माझे म्हणणे असे की या निवांतपणाला भित्रेपणा म्हणू नये. मुलाखतीला आपण कडक इस्त्रीचे कपडे घालतो आणि मन खचलेले असताना धुऊन धुऊन मऊ पडलेला जुना कुर्ताच अंगाला हवासा वाटतो. मनाला त्या दिवशी काय झेपणार आहे, हे ओळखून माणूस कपाट उघडतो. ही समज आहे, आणि मुलींना ती लवकर येते.

कृष्णाकाठ

आपले निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मऊ कुर्ता आणि चेहरा झाकणारा स्कार्फ यांना एका रांगेत बसवता येणार नाही. कुर्ता आपण आपल्यासाठी घालतो. स्कार्फ बांधताना दुसऱ्याच्या नजरेचा हिशोब आधी केलेला असतो. छेड काढणारा मोकळा फिरतो आणि एप्रिलच्या उकाड्यात गुदमरणे मुलीच्या वाट्याला येते, या व्यवस्थेला आपण निवड म्हणू लागलो तर ती बदलण्याची निकड कोणालाच वाटणार नाही.

स्त्रीच्या रक्षणाचे कारण देऊन तिच्या अंगावर काय काय लादले गेले, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नसावी. ब्राह्मण विधवांचे केशवपन आणि त्यांचे तांबडे अलवण यांचेही समर्थन शील जपण्याच्या नावाने केले जाई. त्यांतल्या कित्येक जणींनी तो वेश आपलाच मानला होता, म्हणून तो त्यांनी निवडलेला ठरत नाही.

जुनी पेठ

अलवणाचे उदाहरण येथे लागू पडत नाही, कारण ते नाकारण्याची मुभा नव्हती. त्याच पुण्यातले दुसरे उदाहरण घ्यावे. १८४८ साली भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला जाताना सावित्रीबाई फुल्यांवर शेण आणि चिखल फेकला जाई, म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे ठेवत आणि शाळेत पोहोचल्यावर ते नेसून वर्गावर जात, ही आठवण सर्वांना ठाऊक आहे. फेकणाऱ्यांची जबाबदारी त्यामुळे कमी झाली नाही, आणि सावित्रीबाईंचे शिकवणेही थांबले नाही. जग सुधारेपर्यंत रोजचे काम अडू नये, यासाठी केलेल्या तजविजीला माघार कसे म्हणायचे?

कृष्णाकाठ

दाखला उत्तम आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. सावित्रीबाईंनी चेहरा झाकला नाही, वाट बदलली नाही. दुसरे लुगडे लपण्यासाठी नव्हते, वर्गात स्वच्छ वस्त्रांनी उभे राहण्यासाठी होते.

याच रांगेत महाड येते. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडा, इतर स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा. गावात असे नेसून वावरणे धोक्याचे होते. जुनी पद्धत पाळण्यात सुरक्षितता होती. तरीही त्यांनी सुरक्षिततेपेक्षा स्वाभिमान वरचा मानला. कपड्यांचा मनाशी संबंध मीही मानतो. माझा आग्रह इतकाच की तो ताठ मानेने उभे राहण्याशी असावा.

नोंदवही

मनावरच्या परिणामाबद्दल थोडी सावधगिरी बाळगावी. २०१२ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग वारंवार सांगितला जातो: पांढरा कोट डॉक्टरांचा आहे असे सांगून घालायला दिला तेव्हा माणसांचे लक्ष अधिक एकाग्र झाले, आणि तोच कोट रंगाऱ्याचा म्हणून दिला तेव्हा तसे झाले नाही. मात्र त्याच अभ्यासातला, कोट घालणारे आणि न घालणारे यांची तुलना करणारा प्रयोग २०१९ मध्ये अधिक लोकांना घेऊन पुन्हा केला, तेव्हा कोटाचा परिणाम आढळला नाही. तेव्हा कपड्यांनी धैर्य येते, हे विज्ञानाचे सिद्ध मत म्हणून कोणी पुढे करू नये. स्कार्फ बांधलेल्या मुलीला निवांत वाटते, हा तिचा अनुभव आहे आणि चर्चेसाठी तेवढा पुरेसा आहे.

रानजाई

ही दुरुस्ती मोलाची आहे. कृष्णाकाठ यांना मात्र मला विचारायचे आहे की स्वाभिमानाची परीक्षा रोज, प्रत्येक सिग्नलवर देण्याची अपेक्षा एकवीस वर्षांच्या मुलीकडून का करावी? महाडला हजारो माणसे एकत्र होती आणि पाठीशी चळवळ होती. रात्री नऊ वाजता शिकवणी संपवून कात्रजकडे निघालेली मुलगी एकटी असते. तिने स्कार्फ बांधला म्हणून ती घराबाहेर पडू शकली, शिकू शकली. कपड्यामुळे वावर वाढत असेल तर मी त्याला आधार म्हणेन. ज्या दिवशी स्कार्फ सापडला नाही म्हणून बाहेर पडणेच रद्द होईल, त्या दिवशी आपले म्हणणे मला विचारात घ्यावे लागेल.

कृष्णाकाठ

तो दिवस अनेकींच्या आयुष्यात येऊन गेलेला असतो, फक्त त्याची कोठे नोंद होत नाही; ओढणी राहिली म्हणून अर्ध्या वाटेवरून घरी परतलेल्या मुली माझ्याच घरात आहेत. त्यांना स्कार्फ सोडा असे मी कधीही सांगणार नाही, कारण रस्त्यावर त्या असतात, मी नसतो. परंतु घरात, शाळेत आणि बसथांब्यावर आपण मुलींना कापड नीट घ्यायला जितक्या वेळा सांगतो, तितक्या वेळा मुलांना नजर आवरायला सांगत नाही, आणि हे जोवर असेच चालू आहे तोवर स्कार्फला निवड म्हणायला माझे मन तयार होत नाही.